समावेशक वर्गासाठी घटक चाचणी कशी तयार करावी

सहावीच्या एका वर्गात पस्तीस मुले आहेत असे धरू. एका मुलीची दृष्टी अधू आहे, एक मुलगा श्रवणयंत्र वापरतो, एकाला वाचताना अक्षरे चकवतात आणि एकीचा हात मेंदूच्या पक्षाघातामुळे लिहिताना साथ देत नाही. उरलेल्या एकतीस जणांतही पाच-सहा जणांची घरची बोली पाठ्यपुस्तकातील मराठीहून बरीच निराळी आहे. नव्याने रुजू झालेला शिक्षक या वर्गाची पहिली चाचणी काढायला बसतो, तेव्हा बहुधा मागच्या वर्षीची प्रश्नपत्रिका समोर ठेवून तिच्यातील आकडे बदलतो आणि त्या चौघांचे काय करायचे, हा प्रश्न परीक्षेच्या दिवशी सकाळी उभा राहतो. मग कोणाला दोन प्रश्न सोडून द्यायला सांगितले जाते, कोणाला सरासरीने गुण दिले जातात, तर कोणाची उत्तरपत्रिका शेजारच्या मुलाच्या मदतीने 'पूर्ण करून घेतली' जाते. अशा गुणांवरून त्या मुलांना विषय किती समजला हे कळत नाही आणि पुढे काय शिकवायचे हेही ठरवता येत नाही.

पुढील पायऱ्या वीस गुणांच्या घटक चाचणीसाठी लिहिल्या आहेत. सत्र परीक्षेलाही त्या लागू पडतात. मात्र सुरुवात छोट्या चाचणीपासून केलेली बरी, कारण चूक झाली तर ती आठवडाभरात सुधारता येते.

पहिली पायरी: प्रश्न नेमके काय मोजतो ते लिहून काढा

संविधान तक्ता, म्हणजे कोणत्या प्रश्नाला किती गुण याचा प्रश्नपत्रिकेचा आराखडा, करण्याची सवय बी.एड. किंवा डी.एड. करताना लागलेली असते आणि नोकरी लागल्यावर ती सुटते. ती पुन्हा लावून घ्यावी. ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य असे रकाने आखून त्यांत गुण वाटण्यापुरता तो तक्ता करू नये, तर प्रत्येक प्रश्नासमोर एक वाक्य लिहावे: हा प्रश्न सोडवणाऱ्या मुलाला काय येते असे मी म्हणणार आहे? त्याच्याखाली दुसरे वाक्य लिहावे: हा प्रश्न सोडवण्यासाठी त्याला आणखी काय काय यावे लागते?

उदाहरणार्थ, 'महाराष्ट्राच्या नकाशात गोदावरी व कोयना या नद्या दाखवा' हा प्रश्न घेऊ. मला मोजायचे आहे ते एवढेच की गोदावरी सह्याद्रीत उगम पावून पूर्वेकडे वाहते आणि कोयना महाबळेश्वरापासून बरेच अंतर दक्षिणेकडे वाहत जाते, हे मुलाला ठाऊक आहे का. परंतु प्रश्न सोडवायला त्याशिवाय छापील नकाशातील बारीक रेषा दिसाव्या लागतात, पेन्सिल स्थिर धरावी लागते आणि दोन मिलिमीटर रुंदीच्या जागेत नाव लिहावे लागते. या तीनही गोष्टी भूगोलाच्या नाहीत. म्हणून त्यांची वाट बदलायला हरकत नसावी: पुठ्ठ्यावर राज्याची सीमा जाड सुतळीने, सह्याद्री मण्यांच्या ओळीने आणि नद्या लोकरीने चिकटवल्या, तर अंध मूल बोटांनी नदी शोधून तिचे नाव सांगू शकते. ज्या मुलीचा हात थरथरतो तिला नद्यांवर आधीच क्रमांक घातलेला मोठा नकाशा द्यावा आणि केवळ क्रमांक विचारावा. ज्ञान तेच राहते.

याच्या उलटही घडते आणि नवख्या शिक्षकाकडून खरी गफलत तिथेच होते. मराठीच्या चाचणीत उतारा वाचून उत्तरे लिहायची असतील आणि वाचनाचे आकलन हेच मोजायचे असेल, तर तो उतारा मुलाला वाचून दाखवल्यावर मोजले जाते ते ऐकण्याचे आकलन. विज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेतील प्रश्न वाचून दाखवणे ही निखळ सोय आहे. मराठीच्या उताऱ्यात तीच कृती मोजायची गोष्टच काढून घेते. कोणती मदत द्यायची याचे उत्तर अपंगत्वाच्या नावावरून मिळत नाही, ते प्रश्नावरून मिळते, आणि म्हणूनच ही दोन वाक्ये लिहिण्याची पायरी कंटाळवाणी वाटली तरी टाळू नये.

दुसरी पायरी: मुलांना विचारा

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर चाळीस टक्के की साठ टक्के लिहिले आहे यावरून चाचणी कशी घ्यावी हे समजत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांची नोंद आहे आणि एकाच प्रकारातील दोन मुलांच्या गरजा अगदी वेगळ्या असू शकतात. अधू दृष्टीच्या मुलीला एकच वाक्य १८, २२ आणि २६ पॉइंटमध्ये छापून द्यावे आणि कोणते न थांबता वाचता येते ते पाहावे. श्रवणयंत्र वापरणाऱ्या मुलाला कोणत्या बाकावरून शिक्षकाचे ओठ दिसतात, हे त्यालाच विचारावे. पालकांशी आणि गट साधन केंद्रातील समावेशित शिक्षणाच्या विशेष तज्ज्ञांशी एकदा बोलून घ्यावे. ज्यांच्याकडे कोणतेही प्रमाणपत्र नाही, पण जी मुले तोंडी उत्तम उत्तरे देतात आणि वहीत काहीच उतरवत नाहीत, त्यांचीही यादी याच वेळी करावी.

तिसरी पायरी: प्रश्नाची भाषा

सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा, कारण इथे केलेल्या सुधारणेचा लाभ पस्तीसही मुलांना होतो.

गणिताच्या एका जुन्या प्रश्नपत्रिकेतील उदाहरण साधारण असे होते: 'आठवडे बाजारातून ४५ रुपये किलो दराने घेतलेल्या ६ किलो कांद्यांची किंमत चुकती करण्यासाठी ५०० रुपयांची नोट दिलेल्या सुमनताईंना विक्रेत्याकडून किती रक्कम परत मिळणे अपेक्षित आहे?' यात गुणाकार एक आणि वजाबाकी एक आहे; परंतु वाक्याचा कर्ता शोधेपर्यंतच मूल दमते. जन्मतः कर्णबधिर असलेल्या मुलाला 'घेतलेल्या', 'दिलेल्या' अशी विशेषणे बनून आलेली क्रियापदे आणि शब्दाला चिकटलेले विभक्तिप्रत्यय फार अडतात, कारण बोलण्यातून ती त्याच्या कानावर पडलेलीच नसतात. तेच उदाहरण असे लिहिता येते: 'सुमनताईंनी बाजारात ६ किलो कांदे घेतले. १ किलो कांद्यांचा दर ४५ रुपये आहे. त्यांनी विक्रेत्याला ५०० रुपयांची नोट दिली. विक्रेता त्यांना किती रुपये परत देईल?' उत्तर २३० रुपयेच राहिले आणि दोन पायऱ्यांचा विचारही तसाच राहिला. यामुळे प्रश्न सोपा झाला, अशी तक्रार शिक्षक कक्षात हमखास ऐकू येते. सोपे झाले ते वाक्य. गणित तेवढेच अवघड आहे, आणि अधिक अवघड हवे असेल तर आकडे किंवा पायऱ्या वाढवाव्यात, वाक्य वाढवू नये.

'खालीलपैकी कोणते विधान चूक नाही?' अशी दुहेरी नकाराची वळणे टाळावीत. 'नाही' विचारणे अटळच असेल, तर तो शब्द ठळक छापावा. एका प्रश्नात दोन प्रश्न विचारू नयेत. 'कारण सांगून उदाहरणासह स्पष्ट करा' या सूचनेत तीन कामे आहेत, ती अ, आ, इ अशी वेगळी लिहावीत. स्वमग्न मूल शब्दाचा अर्थ शब्दशः घेते, त्यामुळे 'तुम्हाला काय वाटते ते सांगता येईल का?' या प्रश्नाचे उत्तर ते 'हो' असे लिहून पुढे जाईल, आणि प्रश्न जसा विचारला आहे तसे ते उत्तर बरोबरच असेल.

'जोड्या लावा' हा आवडता प्रकार आहे, पण ओळींवर ओळी ओलांडत रेघा मारणे ज्यांचा हात थरथरतो त्यांना जमत नाही, आणि ब्रेलमध्ये दोन रकाने एकाच वेळी बोटांखाली येत नाहीत. डाव्या शब्दासमोर उजव्या उत्तराचे अक्षर लिहायला सांगितले की अडचण मिटते. पर्यायांना अ, ब, क, ड ही अक्षरे देण्याची रीत आहे. पाचवा पर्याय आला की 'ड' आणि 'इ' शेजारी येतात आणि अधू दृष्टीच्या मुलाला ते सारखेच दिसतात. चारच पर्याय ठेवावेत. देवनागरी १ आणि ९ यांचाही बारीक ठशात (फाँटमध्ये) असाच घोटाळा होतो.

अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांच्या अडचणींवर इंग्रजीतील उदाहरणे देऊन पुष्कळ लिहिले जाते, पण मराठी लिपीच्या आपल्या अडचणी आहेत. घ-ध, भ-म, थ-य या जोड्या चकवतात. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहिली जाते आणि उच्चारात नंतर येते. 'सूर्य'मधला रफार ज्या अक्षराच्या आधी उच्चारायचा, त्याच्याच डोक्यावर बसतो. विज्ञानाच्या किंवा इतिहासाच्या प्रश्नांत जोडाक्षरांनी भरलेले अनावश्यक शब्द आले की हे मूल विषयापर्यंत पोहोचतच नाही. संख्यांचेही तसेच आहे: 'बावन्न' ऐकताना आधी दोन कानावर येतात आणि मग पन्नास, म्हणून मूल २५ लिहिते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'पन्नास दोन' अशी वाचनाची पद्धत दिली गेली, तेव्हा तिच्यावर केवढी टीका आणि थट्टा झाली हे अनेकांना आठवत असेल. मुलांची अडचण मात्र खरी होती आणि आहे. तोंडी गणित घेताना संख्या उच्चारावी आणि तिचे कार्डही दाखवावे. मोजायचा आहे तो हिशेब, संख्यानामे मोजायची नाहीत.

चित्रावर आधारित प्रश्न असेल, तर चित्राचे शाब्दिक वर्णन आधीच लिहून ठेवावे. त्यात उत्तर सांडू नये याकडे लक्ष द्यावे: 'चित्रात खोडाजवळ जाड, लोंबत्या मुळ्या आहेत' हे वर्णन चालेल, 'चित्रात वडाच्या पारंब्या आहेत' हे चालणार नाही. श्रुतलेखनाऐवजी कर्णबधिर मुलाला चित्र किंवा वस्तू दाखवून शब्द लिहायला सांगता येतो.

चौथी पायरी: छपाई

माझ्या पहिल्या वर्षी मी अधू दृष्टीच्या एका विद्यार्थिनीसाठी प्रश्नपत्रिका झेरॉक्सच्या दुकानात नेऊन मोठ्या कागदावर दीडपट करून आणली आणि काम झाले असे समजलो. तो कागद बाकावर मावला नाही. तिने तो मधोमध दुमडला, घडी नेमकी चौथ्या प्रश्नावर आली आणि तो प्रश्न तिने सोडवलाच नाही. शिवाय डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरलेल्या त्या रुंद कागदाची प्रत्येक ओळ वाचण्यासाठी ती मान डावीकडून उजवीकडे फिरवत होती. झेरॉक्सने मोठी केलेली अक्षरे कडांना फुटतात, ते वेगळेच. तेव्हापासून मी संगणकावरच ठसा मोठा करतो, कागद नेहमीच्याच आकाराचा ठेवतो आणि पाने वाढू देतो.

मजकुराच्या दोन ओळींत पुरेसे अंतर असावे, कारण देवनागरीत वर रफार-मात्रा आणि खाली उकार असतात व दाटीत ते एकमेकांना भिडतात. नक्षीदार किंवा तिरका ठसा वापरू नये. एक प्रश्न दोन पानांवर तोडू नये. चकचकीत कागद टाळावा. 'लाल भागाचे नाव लिहा' असे रंगावर अवलंबून असलेले प्रश्न रंगांधळ्या मुलाला अडवतात. रंगाबरोबर रेषांचा किंवा ठिपक्यांचा भराव द्यावा.

प्रश्नपत्रिका युनिकोडमध्येच टाइप करावी. अनेक शाळांत अजून जुन्या पद्धतीचे ठसे वापरले जातात; त्यांत टाइप केलेले मराठी डोळ्यांना मराठी दिसते, पण एनव्हीडीएसारख्या स्क्रीन वाचणाऱ्या प्रणालीला ती निरर्थक चिन्हांची रांग वाटते आणि ती तशीच बडबडते. ब्रेल प्रत लागणार असेल, तर मजकूर किमान आठवडाभर आधी तयार असावा आणि ब्रेल वाचणाऱ्या व्यक्तीकडून ती प्रत एकदा तपासून घ्यावी.

पाचवी पायरी: वेळ, लेखनिक आणि वाचक

अधिनियमाच्या कलम १७ मध्ये परीक्षापद्धतीत योग्य ते बदल करण्याचे कर्तव्य सांगितले आहे आणि जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट ही उदाहरणे दिली आहेत. केंद्र सरकारच्या २०१८ च्या लेखी परीक्षांसंबंधीच्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान २० मिनिटे भरपाईचा वेळ सांगितला आहे. तेच प्रमाण शाळेत पाळले, तर एक सोपा हिशेब हाती येतो: चाचणी ३० मिनिटांची काढली की जादा वेळ १० मिनिटे होतो आणि ४० मिनिटांच्या तासिकेत सगळे बसते. मी तर शेवटची दहा मिनिटे सर्वांनाच खुली ठेवतो. वेग हा मोजायचा विषयच नसेल, तर सावकाश लिहिणाऱ्या इतर मुलांना घड्याळाने का हरवावे?

प्रमाणपत्रावरील टक्केवारी चाळीसच्या खाली आहे म्हणून लेखनिक मिळणार नाही, असे उत्तर काही ठिकाणी दिले जाते. लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या विकास कुमार या उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी स्पष्ट केले आहे की, लेखनिकाची सोय केवळ चाळीस टक्क्यांच्या अटीत बांधता येत नाही.

लेखनिक साधारणपणे खालच्या इयत्तेतला असावा आणि परीक्षेच्या दिवशी प्रथमच भेटू नये. सांगून लिहून घेणे हे शिकावे लागणारे कौशल्य आहे. दोघांनी आधी दोन-तीन वेळा सराव करावा. आकृती काढून घेताना मुलाने 'त्रिकोण काढ' एवढे सांगून भागत नाही. 'सहा सेंटिमीटरची आडवी रेघ, डाव्या टोकाला क, तिथे साठ अंशांचा कोन' असे सांगता आले पाहिजे. लेखनिकाने सांगितले तेवढेच लिहावे, भुवईसुद्धा उंचावू नये. मराठीच्या चाचणीत शुद्धलेखनाचे गुण असतील, तर निवडक पाच शब्द मुलाकडून अक्षर-वेलांटीसह वदवून घ्यावेत. ही जोडी स्वतंत्र खोलीत बसवावी, म्हणजे त्यांचे बोलणे वर्गाच्या कानावर जात नाही.

टेलर फ्रेमवर, म्हणजे भोकांत खिळे बसवून आकडे मांडायच्या पाटीवर, गणित करणाऱ्या अंध मुलाचे खिळे पुढच्या उदाहरणासाठी उपसले गेले की आधीची मांडणी नाहीशी होते. पायऱ्यांना गुण असतील, तर प्रत्येक उदाहरण संपताच पर्यवेक्षकाने मांडणी पाहून नोंद करावी, नाहीतर त्याला केवळ अंतिम उत्तराचे गुण मिळतात.

तोंडी सूचना फळ्याकडे तोंड करून देऊ नयेत. त्या फळ्यावर लिहाव्यात आणि वर्गाकडे वळून एकदा वाचाव्यात. चाचणी चालू असताना केलेली दुरुस्तीही लिहूनच सांगावी.

सहावी पायरी: गुणदान आधी ठरवा

उत्तरपत्रिका हाती येण्यापूर्वी गुणदान योजना लिहिलेली असावी, कारण नंतर दया आणि चीड या दोन्ही गोष्टी आड येतात. 'वनस्पती अन्न कसे तयार करतात?' या तीन गुणांच्या प्रश्नाला एका कर्णबधिर मुलाचे उत्तर असे आले: 'पान हिरवा. सूर्य प्रकाश घेणे. पाणी मूळ. हवा कार्बन. अन्न तयार.' व्याकरण मोडके आहे, परंतु सूर्यप्रकाश, मुळांकडून येणारे पाणी, हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि पानाचा हिरवेपणा हे सारे आले आहे. 'हरितद्रव्य' हा शब्द आलेला नाही. तो शब्दच अपेक्षित आहे असे योजनेत लिहिले असेल, तर वर्गातील सर्वांचाच त्यासाठी अर्धा गुण जाईल, याचाही. लिहिले नसेल तर तीन गुण पूर्ण द्यावेत. विज्ञानात 'प्रकाशसंश्लेषण' हा शब्द चुकीच्या वेलांट्यांनी लिहिला म्हणून गुण कापू नयेत. ते काम भाषेच्या चाचणीचे आहे. आणि ज्याला येत नाही त्याला 'बिचारा' म्हणून गुण देऊ नयेत. त्यामुळे जे शिकवायचे राहिले ते कायमचे राहते.

बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा वेगळा असेल, तर गोष्ट निराळी होते. वर्ग अपूर्णांकांची बेरीज करत असताना तो दहा-वीसच्या नोटांनी सुटे पैसे मोजत असेल. ही केवळ सोय नसून उद्दिष्टच बदलले आहे, आणि ते नोंदपत्रकात तसे स्पष्ट लिहावे. एकाच रकान्यात दोघांचे अठरा गुण शेजारी-शेजारी लिहिले, तर पुढच्या शिक्षकाची आणि पालकांचीही दिशाभूल होते.

सातवी पायरी: चाचणीनंतर

गुण चढवले की चाचणी बाजूला पडते. तसे करू नये. प्रश्ननिहाय तक्ता करून कोणता प्रश्न कोणी सोडला ते पाहावे. इतर सगळे सोडवणाऱ्या मुलांनी एकच प्रश्न सोडला असेल, तर मुलांआधी प्रश्न तपासावा. शंका असेल तेव्हा तोच प्रश्न त्या मुलाला दुसऱ्या रीतीने, तोंडी किंवा वस्तू हातात देऊन, विचारून पाहावा. पहिली ते आठवीच्या आकारिक (शिकता-शिकता वर्षभर होणाऱ्या) मूल्यमापनात तोंडी काम, प्रात्यक्षिक आणि प्रकल्प ही साधने उपलब्ध असतात, त्यांचा उपयोग नेमका इथे होतो.

शेवटी प्रत्येक मुलाच्या नोंदीत दिलेली सोय आणि तिचा झालेला वापर हे दोन्ही लिहावे. 'गणित, घटक चाचणी १: ठसा २२ पॉइंट, जादा वेळ १० मिनिटे, पैकी ६ वापरली, प्रश्न ४ वाचून दाखवला' एवढी एक ओळ पुरते. न वापरलेली सोय पुढच्या वेळी बदलता येते, आणि तीच मुलगी दहावीला पोहोचून राज्य मंडळाकडे सवलतींचा अर्ज करेल, तेव्हा प्रमाणपत्राच्या जोडीला तिला काय उपयोगी पडते हे सांगणारी चार वर्षांची नोंद शाळेच्या हाती असते. तिची शाळा बदलली, तर या नोंदीची प्रत दाखल्यासोबत पालकांकडे द्यावी.